काळं पडलं, मग गुलाबी झालं

या वेळी पत्रं तीनच घेतली आहेत. पहिल्यानेच बहुतेक जागा खाल्ली आणि त्याला माझा इलाज नव्हता. ते वाचताना चौदाव्या वर्षी मी केलेला गाढवपणा जसाच्या तसा समोर आला.

प्रश्न : ताई, मी नाशिकची. नोकरी सोडल्यावर दागिने घडवायचा तीन महिन्यांचा वर्ग केला आणि आता घरीच एका खोलीत काम करते. इतके दिवस तांब्यावर हात बसवला. गेल्या आठवड्यात पहिल्यांदा सराफाकडून १८ कॅरेटचा पत्रा आणून कानातली जोडी केली, साधारण दोन ग्रॅमची. मागची दांडी हलू नये म्हणून बायंडिंगच्या काळ्या तारेने बांधली, टाकणखार (बोरॅक्स) लावला आणि छोट्या गॅस टॉर्चने झाळली, म्हणजे डाख देऊन जोडली. झाळ छान धावली, पण अख्खं कानातलं तव्यासारखं काळं झालं. खायचा सोडा, लिंबू, टूथपेस्ट, सगळ्यांनी घासून पाहिलं. शेवटी तांब्याच्या सरावाला वापरलेलं सायट्रिक अॅसिडचं पाणी गरम केलं आणि दोन्ही कानातली त्यात टाकली. अर्ध्या तासाने काळं गेलं, पण आता ती चक्क गुलाबी दिसतात. घरचे म्हणतात, सराफाने तांब्यावर मुलामा देऊन फसवलं. माझी तर झोप उडाली आहे. सोनं काळं पडतं का?

उत्तर : आधी तुमच्या सराफाला मोकळं करू या.

सोनं काळं पडत नाही. शुद्ध सोनं शेगडीत घाला, मुशीत आटवा, ओता, परत तापवा, ते पिवळंच राहील. पण शुद्ध सोन्याची दांडी कानात घालताना बोटांनी वाकेल, म्हणून त्यात दुसरे धातू मिसळावे लागतात. १८ कॅरेट म्हणजे हजारात ७५० भाग सोनं. उरलेल्या २५० भागांत तांबं, चांदी, कधी थोडं जस्त. दोन ग्रॅमच्या तुमच्या जोडीत हे अर्धा ग्रॅम भरतं. आमच्या धंद्यात त्याला हीण म्हणतात. शब्द वाईट असला तरी दागिना उभा राहतो तो त्याच्याच जोरावर. तापल्यावर त्यातल्या तांब्याला हवेतला प्राणवायू मिळतो आणि वर काळा थर धरतो, त्याच्या खाली कधी लालसरही. सोनं तिथंच असतं, फक्त झाकलेलं. २२ कॅरेटमध्ये सोनं ९१६ भाग, म्हणून ते कमी काळवंडतं. १४ कॅरेट ५८५ वर असतं, ते चांगलंच कोळसा होतं. तुमचा पत्रा झाळताना काळा पडलाच नसता, तर सराफाने चुकून २४ कॅरेट दिलं की काय, असं मीच विचारलं असतं.

मनातली शंका तरीही जात नसेल तर उरलेला तुकडा हॉलमार्किंग केंद्रावर नेऊन मशीनवर तपासून घ्या. पण गुलाबी रंगावरून निकाल देऊ नका. तो रंग सराफाच्या पत्र्यातून आलेला नाही, तुमच्या पाण्यातून आलेला आहे. चोर तुमच्याच पत्रात सापडतो : बायंडिंगची काळी, लोखंडी तार. ती सोडल्याचं तुम्ही कुठंच लिहिलेलं नाही.

आता माझं सांगते. कोल्हापूरच्या गुजरीत अण्णांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक खोली. एक ऐरण, एक शेगडी, भिंतीला टांगलेली तार ओढायची जंत्री आणि कोपऱ्यात चिनी मातीच्या वाडग्यात तेजाब, म्हणजे काळं काढायचं अॅसिड. त्या दुपारी अण्णा जेवायला गेले होते. वाडग्यात पुतळीहाराच्या अकरा पुतळ्या होत्या, कड्या झाळून झालेल्या, बावीस कॅरेटच्या. अण्णांनी बजावलं होतं की मी येईपर्यंत हात लावू नकोस, आणि लावलासच तर बांबूची कामटी घे. कामटी सापडेना. मी शेगडीचा लोखंडी चिमटा घेतला आणि तो आत बुडवून एकेक पुतळी शोधत बसले. पाणी निळसर होतं, तळ नीट दिसत नव्हता. वर काढल्या तेव्हा अकराच्या अकरा पुतळ्या जुन्या तांब्याच्या पैशासारख्या. मी त्या फडक्यात गुंडाळून ऐरणीमागे लपवल्या. अण्णा आले, वाडगा रिकामा बघितला, चिमट्याचं टोक बघितलं, आणि न ओरडता म्हणाले, "बाई, लोक तांब्याचं सोनं करायला जन्म घालवतात. तू उलटं करून दाखवलंस."

झालं असं की ते तेजाब कित्येक दिवसांचं होतं. प्रत्येक दागिन्यावरचं काळं, म्हणजे तांब्याचाच गंज, त्यात विरघळत गेला होता. पाणी निळं-हिरवं दिसलं की त्यात तांबं आहे असं समजावं. अशा पाण्यात लोखंड बुडालं की लोखंड विरघळायला लागतं आणि त्याच्या बदल्यात पाण्यातलं तांबं बाहेर येतं. लोखंड सोन्याला टेकलेलं असेल तर ते सोन्यावरही जाऊन बसतं. तुमच्याकडे निळं पाणी तांब्याच्या सरावाने तयार होतंच, आणि लोखंड दांडीला गुंडाळलेलं होतं. चांगला अर्धा तास.

थर अगदी पातळ आहे, काढता येतो. अण्णांनी प्रत्येक पुतळी मंद लाल होईपर्यंत तापवली. वरचं तांबं जळून काळं झालं, मग नव्या तेजाबात घातल्यावर ते काळं विरघळलं आणि पिवळं वर आलं. तुमच्या बाबतीत मी हे सुचवणार नाही. पहिलीच झाळ आहे, परत तापवताना दांडी घसरली तर दुहेरी दुःख. तुम्ही असं करा : तार कापून काढा, मग कानातल्यांवरून लोहचुंबक फिरवा, म्हणजे तारेचा एखादा कण अडकला असेल तर कळेल. एक पेला गरम पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक अॅसिड विरघळवा. पाणी ताजं हवं, जुनं अजिबात नको. त्यात औषधाच्या दुकानात मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साइड दोन-तीन चमचे घाला. भांडं काचेचं. बारीक बुडबुडे येतील, म्हणून झाकण गच्च लावू नका. दहा-पंधरा मिनिटांनी बघा. गुलाबी रंग कडेपासून विरायला लागतो आणि मध्ये एखादा डाग शेवटपर्यंत हट्ट धरून बसतो. तो बसला तर बसू द्या, आणखी दहा मिनिटं द्या. घासू नका.

घासण्याबद्दल जरा बोलायचंच आहे. टूथपेस्टमध्ये बारीक खर असते. तुम्ही उंच भागावर घासत राहता, तिथलं काळं आधी जातं, मग तिथलंच सोनं जायला लागतं, आणि दांडीच्या मुळाशी कोपऱ्यात काळं तसंच हसत राहतं. आमच्या दुकानातली झाडलेली धूळसुद्धा टाकायची नसे. झारेकरी यायचा, ती विकत घ्यायचा, धुऊन त्यातलं सोनं काढायचा. तुमच्या बेसिनच्या नळीखाली झारेकरी बसलेला नाही. कानस तर झाळीनंतर लगेच लावूच नये. टाकणखार तापून काचेसारखा होतो आणि त्या काचेवर कानशीचे दात जातात. काच आणि काळं, दोन्ही एकाच आंबट पाण्यात जातात. फक्त थांबायची तयारी हवी.

पुढच्या वेळेचा क्रम असा ठेवा. झाळ धावली की टॉर्च बाजूला. लाली पूर्ण गेल्यावर वीस आकडे मोजा, मग साध्या पाण्यात बुडवा. तापलेलं सोनं थेट आंबट पाण्यात टाकलं की ते पाणी तोंडावर उडतं आणि वाफ घशात जाते. तार सोडा. मग आंबट पाणी. ते कढत असावं, उकळतं नको. बोट लावलं तर चटका बसावा, पण बुडबुडे दिसू नयेत. सोनं आत घालायला आणि बाहेर काढायला बांबूची कामटी, प्लास्टिकचा चिमटा किंवा तांब्याचा. तांब्याच्या चिमट्याने हा घोळ होत नाही. भांडं काचेचं किंवा चिनी मातीचं, आणि ते परत स्वयंपाकघरात नेऊ नका. सोनं बाहेर काढलं की खायचा सोडा घातलेल्या पाण्यात बुडवा, फसफस थांबेपर्यंत, मग साध्या पाण्याने धुवा. पोकळ मणी असेल तर सोड्याच्या पाण्यात थोडा वेळ उकळावाच लागतो. नाहीतर आत अडकलेलं आंबट पाणी पंधरा दिवसांनी सांध्यातून पाझरतं आणि ज्याला विकलं त्याचा फोन येतो.

अण्णांचं तेजाब म्हणजे पाण्यात घातलेलं सल्फ्युरिक. त्यांच्या धोतराला तेजाबाचा थेंब पडला तर त्या दिवशी काही दिसायचं नाही. आई धुवायला घ्यायची तेव्हा तिथं भोक. घरी त्याची काही गरज नाही. सायट्रिकला वेळ जास्त लागतो, बाकी काम तेच.

आंबट पाण्यातून निघालेलं कानातलं तुम्हाला आवडणार नाही, हे आधीच सांगून ठेवते. फिकं, मेणचट, उन्हात वाळवलेल्या लिंबाच्या सालीसारखं दिसेल. वरच्या थरातलं तांबं गेलेलं असतं, म्हणून तिथं सोन्याचं प्रमाण उलट जास्त असतं. हा थर जपायचा. पितळी तारांचा मऊ ब्रश घ्या, साबणाचं पाणी भरपूर, आणि हलक्या हाताने फिरवा. ब्रश कोरडा फिरवलात तर पितळ सोन्यावर चढेल आणि तुम्ही मला पुन्हा पत्र लिहाल. अण्णा शेवटी अकिकाच्या दगडाच्या ओपणीने दाबून ओप, म्हणजे चकाकी, द्यायचे. ओपणी सोनं काढत नाही, निजवते. थुंकीने ओली केलेली ओपणी पुतळीवरून फिरली की तिच्यामागे एक चकचकीत रेघ उठायची, मग तिच्याशेजारी दुसरी, आणि दहा मिनिटांत चेहरा दिसायला लागायचा. थुंकीऐवजी तुम्ही साबणाचं पाणी वापरा.

काळं पडूच नये म्हणून काय करावं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. औषधाच्या दुकानातून बोरिक पावडर आणा. कॅरमच्या बोर्डावर टाकतात ती बहुतेक वेळा हीच असते, पण तुम्ही औषधाचीच घ्या. झाकणाच्या छोट्या काचेच्या बरणीत स्पिरिट घेऊन त्यात ही पावडर ताकासारखी ढवळा. झाळायची वस्तू त्यात बुडवा, चिमट्याने बाहेर काढा, बरणीला झाकण लावा, बरणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवून या, आणि मगच वस्तूला ज्योत लावा. हा क्रम बदलायचा नाही. स्पिरिटची ज्योत उजेडात नीट दिसत नाही आणि उघडी बरणी पेटली तर सोन्याचा विचार करायला वेळ मिळत नाही. बोरिकमुळे ज्योत हिरवी होते, पोपटाच्या पंखासारखी. स्पिरिट जळून गेलं की वस्तूवर पांढरं दव पडल्यासारखा थर उरतो. कुठं उघडं दिसलं तर परत एकदा बुडवा. तापल्यावर हा थर वितळून सोन्यावर पसरतो आणि हवा आत येऊ देत नाही. मग टाकणखार फक्त सांध्यावर, जिथं झाळ धावायला हवी तिथंच.

टाकणखाराचंही एक आहे. कच्चा लावला की तो आधी फुलतो, आजीच्या बटव्यात असायची तशी लाही होते, आणि फुलताना झाळीचा तुकडा उडवून देतो. तुमचा उडाला नाही, नशीब. अण्णा तव्यावर आधी लाही करून घ्यायचे, मग ती कुटून पाण्यात कालवून लावायचे. झाळीचा तुकडा मग जागचा हलत नाही.

आणि कोणी स्वस्तात केडियमची, म्हणजे कॅडमियम घातलेली, झाळ देऊ केली तर घेऊ नका. ती सोपी धावते, म्हणून कारागिरांना फार आवडायची. कॅडमियम ७६७ अंशांना उकळतं आणि झाळायला साधारण तेवढी किंवा त्याहून जास्त उष्णता लागते. म्हणजे त्याचा धूर तुमच्या नाकातोंडात जाणार, आणि तो फुप्फुसं व मूत्रपिंडं खातो. खिडकी उघडी असली तरी नको.

प्रश्न : आजीची बोरमाळ माझ्याकडे आली आहे. मण्यांच्या खाचांत काळं साचलंय. सायट्रिक अॅसिडच्या गरम पाण्यात टाकू का? गल्लीत एकजण दागिने उजळून देतो म्हणून फिरतो, त्याला देणं बरं का? (सोलापूर)

उत्तर : दोन्हीला नाही.

बोरमाळेचा मणी भरीव नसतो. कागदासारखा पातळ पत्रा आणि आत लाख. गरम पाण्यात लाख मऊ पडते, भोकातून बाहेर येते, आणि पत्र्याला आतून आधार न राहिल्यामुळे मणी चेपतो. चेपलेला मणी सरळ करणारा कारागीर मिळाला तरी मजुरी ऐकून तुम्ही बसाल. शिवाय खाचांतलं ते काळं बहुतेक घाम, पावडर, तेल आणि साबण यांचं कीट आहे, तांब्याचा गंज नव्हे. कोणी ती बोरमाळ आगीत धरलेली नाही. रिठे रात्री भिजवा, सकाळी ते पाणी गाळून कोमटसुद्धा न करता घ्या. लहान मुलाचा मऊ दातांचा ब्रश त्यात बुडवून झटका आणि एकेक मणी पुसत जा. बुडवून ठेवू नका, भोकांत पाणी जाऊ देऊ नका. लगेच सुती कापडावर टिपा. दोरा मळलेला असेल तर पटवेकऱ्याकडून नव्याने ओवून घ्या, निम्मा काळेपणा दोऱ्याचाच असतो. माळेत मोती किंवा पोवळं असेल तर लिंबू, चिंच, आमसूल यांतलं काहीही जवळ आणू नका. दोन्हींवर आंबट चढतं आणि गेलेली चमक परत येत नाही.

गल्लीतल्या माणसाबद्दल. आधी तो तुमची पितळी समई चकचकीत करून दाखवेल. मग दागिना मागेल. त्याच्या बाटलीत एक भाग नायट्रिक आणि तीन भाग हायड्रोक्लोरिक असेल तर त्याला अम्लराज म्हणतात आणि त्यात सोनं साखरेसारखं विरघळतं. दागिना खरंच झगझगीत निघतो, कारण वरचा मळलेला थर सोन्यासकट गेलेला असतो. तो सोनं पाण्यात घेऊन जातो आणि तुम्हाला हळदीच्या पाण्याचा बंद डबा देऊन सांगतो, अर्ध्या तासाने उघडा. वजन केल्याशिवाय काही कळत नाही, आणि वजन करेपर्यंत तो पुढच्या पेठेत. बोरमाळेचा पत्रा तर एवढा पातळ की तुम्हाला लाखेचे मणीच परत मिळतील.

प्रश्न : सायट्रिकचं पाणी निळं झालं की मी कुंडीत ओतते. आंबट पाणी झाडांना चांगलं म्हणतात. पण तुळस सुकली. (ठाणे)

उत्तर : तुळशीला आंबट नव्हे, तांबं बाधलं. पहिल्या पत्रातल्या ताईंच्या सोन्याला लोखंडाने जे केलं, तेच इथं मुद्दाम करून घ्या. काचेच्या बरणीत ते पाणी ओता, त्यात मूठभर साधे लोखंडी खिळे टाका, स्टीलचे नकोत, आणि झाकण सैल ठेवून दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. खिळ्यांवर लाल तांबं धरेल आणि निळा रंग उतरेल. मग पाण्यात चमचा चमचा खायचा सोडा घाला, फेस यायचा थांबेपर्यंत, आणि फेस मावेल एवढी बरणी मोठी घ्या. तळाशी बसलेला गाळ फडक्यात गाळून, खिळ्यांसकट बांधून, जुने सेल आणि ट्यूबलाइट जिथं वेगळे गोळा करतात तिथं द्या. उरलेलं पाणीही कुंडीत नको, त्यात थोडं तांबं राहतंच. आणि तुळस नव्या मातीत लावा, त्या कुंडीतली माती आता तिच्या कामाची नाही.